चीज आतच राहिलं पाहिजे: घरच्या घरी चीज भरलेला बर्गर

चीज भरलेल्या बर्गरचं सगळं गणित पॅटीच्या कडेवर ठरतं. कड नीट मिटली असेल तर तव्यावर काही झालं तरी चीज आत राहतं आणि पहिल्या घासाला बाहेर येतं. कड उकलली की चीज तव्यावर, धूर स्वयंपाकघरात आणि हातात उरतो साधा खिम्याचा बर्गर, तोही मधे पोकळ. म्हणून या लेखात मी बन आणि सॉसवर कमी बोलणार आहे, खिमा, चीज आणि कड यांच्यावर जास्त.

आधी एक नावडती गोष्ट सांगून टाकते. सातारा-सांगलीकडच्या हाताला खिमा दिसला की आपोआप त्यात बारीक चिरलेला कांदा, आलं-लसणाची पेस्ट, कोथिंबीर, हिरवी मिरची, वर लिंबू असं सगळं पडतं. त्याचे कबाब झकास होतात. भरलेल्या बर्गरला मात्र हे चालत नाही. कांद्याला मीठ लागलं की पाणी सुटतं, ओल्या पेस्टीत पाणी असतंच, आणि कोथिंबिरीची पानं नेमकी कडेत अडकतात. आतलं चीज उकळायला लागलं की वाफ वाट शोधते आणि कडेत जिथे कांद्याचा तुकडा आहे तिथूनच बाहेर पडते. तेव्हा चव बाहेरून आणायची: मसाला कोरडा, कांदा वेगळा परतून, मिरची सॉसमधे. हात आवरणं हाच यातला सगळ्यात अवघड भाग आहे.

मटण घेताना

मूळचा हा पदार्थ अमेरिकेतला आणि तिकडे तो गोमांसाचा करतात. आपल्याकडे राज्यात गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच आणि बैल, वळू यांच्या कत्तलीवर 2015 पासून बंदी आहे, आणि तसंही आपल्या बहुतेक घरांत खिमा म्हणजे बोकडाचाच. त्यामुळे हिशोब बोकडाच्या मटणाचा मांडलाय. फरक एवढाच की बोकडाच्या मांसात चरबी फार कमी असते. नुसत्या लाल मटणाची पॅटी तव्यावर आक्रसते, कोरडी पडते आणि कडेला भेगा जातात. भेग गेली की चीज गेलं.

चार बर्गरसाठी अर्धा किलो बिनहाडाचं मटण आणि शंभर ग्रॅम चरबी घ्या. खांद्याचं मटण मांडीपेक्षा बरं, त्याला चव जास्त आणि थोडी चरबी अंगचीच असते. चरबी गुर्द्याभोवतीची मागा, पांढरी आणि टणक असते ती. पिवळट, वास मारणारी असेल तर नको म्हणा.

रविवारी सकाळी दुकानापुढे रांग असते, मागचे लोक घाईत असतात, तरी मागणी सविस्तर सांगायची: "भाऊ, खांद्याचं अर्धा किलो, हाडं काढून. आधी तुकडेच द्या, धुऊन पुसून घेते. मग चरबी टाकून जाड जाळीतनं एकदाच काढा." यावर हमखास उत्तर येतं, "दोनदा काडतो की ताई, मऊ पडंल." ठाम राहा. दोनदा काढलेला खिमा लगद्यासारखा होतो आणि शिजल्यावर रबरासारखा चिवट लागतो. एकदा जाड जाळीतून काढलेल्या खिम्यात दाणा राहतो, आणि त्या दाण्यांच्या मधल्या जागेत रस धरून राहतो.

धुण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्याकडे खिमा घरी आणून चाळणीत धुवायची पद्धत आहे. रस्सा किंवा सुका खिमा करायचा असेल तर एक वेळ ठीक, पाणी आटवता येतं. इथे तो मार्गच नाही. धुतलेल्या खिम्यात पाणी राहतं, बारीक चरबी वाहून जाते आणि दोन थर एकमेकांना चिकटत नाहीत. म्हणून तुकडे असतानाच धुवा, कोरड्या फडक्याने टिपून घ्या आणि मगच खिमा काढा. दुकानात सोय नसेल तर घरी मिक्सरवर होतो: दोन-दोन सेंटीमीटरचे तुकडे आणि चरबी ताटात पसरून अर्धा तास फ्रीजरमधे ठेवायची, कडक झाली की मूठ-मूठ घेऊन बटण दाबून सोडत, थांबत थांबत फिरवायची. सलग फिरवलं तर मिक्सर तापतो, चरबी वितळते आणि पांढरट लगदा होतो. मिक्सरचं भांडंही आधी फ्रीजमधे ठेवलं तर आणखी छान.

खिमा त्याच दिवशी वापरा. अख्ख्या मांसावर जंतू असले तर वरच्या अंगाला असतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळले जातात. म्हणून खिमा जास्त लवकर खराब होतो, आणि म्हणूनच तो आतपर्यंत पुरता शिजवावा लागतो. परदेशी व्हिडिओत मधे गुलाबी ठेवलेला बर्गर दिसला तरी त्याच्या नादी लागू नका.

कोणतं चीज

सगळ्यात सोपं उत्तर: साधं प्रोसेस्ड चीज, किराणा दुकानात मिळणारं, क्यूब किंवा स्लाइस. हौशी लोक नाक मुरडतात, पण या कामाला तेच योग्य. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिनिॲपोलिस नावाचं शहर आहे, तिथे हा बर्गर "ज्युसी ल्युसी" नावाने प्रसिद्ध आहे. मॅट्स बार आणि फाइव्ह-एट क्लब अशी तिथली दोन ठिकाणं, आणि हा पदार्थ आपणच पहिल्यांदा केला असं दोघंही सांगतात. काळ 1950 च्या दशकातला. भांडण अजून मिटलेलं नाही. पण तिथेही आत जे घालतात ते पिवळं प्रोसेस्ड चीजच.

कारण त्याच्या बनावटीत आहे. प्रोसेस्ड चीज करताना त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटचे क्षार घालतात. त्यांच्यामुळे चीजमधली प्रथिनं, चरबी आणि पाणी तापल्यावरही एकजीव राहतात, म्हणून ते सॉससारखं वाहतं. जुनं, मुरलेलं चेडर तापलं की तेल सोडतं आणि मागे दाणेदार गोळा राहतो. मोझरेला ताणतो छान, फोटोत सुंदर दिसतो, पण चवीला मवाळ आणि गार झाला की चिवट. मोझरेला हवाच असेल तर निम्मा मोझरेला, निम्मं प्रोसेस्ड घ्या. पनीर मात्र अजिबात नको. ते आंबटाने फाडलेलं असतं, कितीही तापवलं तरी वितळत नाही, नुसतं गरम होतं.

क्यूब साधारण 25 ग्रॅमचा असतो, एका पॅटीला तेवढा पुरे. तो तसाच अख्खा ठेवला तर मधे उंचवटा येतो, वरचा थर ताणला जातो आणि फाटतो. त्याचे चार पातळ काप करा आणि चौकोनात शेजारी शेजारी मांडा, पाच-सहा सेंटीमीटरचा सपाट तुकडा तयार होतो. स्लाइस असेल तर दोनदा दुमडून चौपदरी करा. ती क्यूबपेक्षा जास्त पातळ वाहते, तेव्हा कड आणखी जपावी लागते. दोन क्यूब घालायचा मोह होतो, मला ठाऊक आहे. दीडशे ग्रॅम खिम्यात 25 ते 30 ग्रॅमच्या वर चीज गेलं की कडेला खिमाच उरत नाही.

चीज फ्रीजमधून थेट काढून वापरा. त्यावर दव धरलं असेल तर पुसून घ्या.

खिमा मळायचा नाही

मोठ्या परातीत थंड खिमा मोकळा पसरा. अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा भरड मिरपूड आणि हवा असेल तर एक सपाट चमचा कांदा-लसूण मसाला वरून भुरभुरवा. एवढंच. अंडं नको, ब्रेडचा चुरा नको. आपला कांदा-लसूण मसाला इथे फार उपयोगी पडतो, कारण कांदा, लसूण, खोबरं सगळं त्यात आहे पण भाजून कोरडं केलेलं. कबाबची आठवण येणाऱ्यांची त्यात सोय होते.

मिठाचं कारण समजून घ्या. मीठ लागलं की मांसातली काही प्रथिनं विरघळून चिकट होतात. अमेरिकन बर्गरवाले म्हणून मीठ आत घालतच नाहीत, त्यांना मोकळी, भुसभुशीत पॅटी हवी असते. आपल्याला दोन थर जोडायचेत, त्यामुळे थोडा चिकटपणा हवा. तेव्हा निम्मं मीठ आत, निम्मं तव्यावर टाकण्याच्या आधी वरून. बोटं फाकवून खिमा वरखाली करा, जेमतेम एकजीव होईपर्यंत. कणकेसारखा तिंबू नका. बोटांना पांढरट चरबीचा थर लागायला लागला तर खिमा तापलाय, परात दहा मिनिटं फ्रीजमधे.

एप्रिल-मे महिन्यात साताऱ्यातल्या स्वयंपाकघरात हे दर पाच मिनिटांनी होतं. तेव्हा सगळा खिमा एकदम बाहेर काढायचाच नाही, दोन पॅटींपुरता काढायचा.

पॅटी थापणं आणि कड मिटवणं

सहाशे ग्रॅम खिम्याचे आठ गोळे, प्रत्येकी 75 ग्रॅम. वजनकाटा असेल तर वापरा, कारण वरचा आणि खालचा थर सारखा हवा.

थापायला दुधाची पिशवी उत्तम. कापून उघडलेली, साबणाने धुतलेली, कोरडी. पिशवीचा एक पत्रा ओट्यावर, त्यावर गोळा, वर दुसरा पत्रा आणि सपाट बुडाच्या डब्याने दाबायचं. 12 सेंटीमीटरची गोल चकती करा, साधारण सहा मिलिमीटर जाड. बन दहा सेंटीमीटरचा असतो, शिजताना पॅटी आक्रसते, म्हणून दोन सेंटीमीटर जास्त. आठही चकत्या थापून, मधे प्लॅस्टिक घालून एकावर एक रचा आणि दहा मिनिटं फ्रीजमधे ठेवा.

आता एक चकती समोर घ्या. चीज बरोबर मधे. चारी बाजूंनी किमान दोन सेंटीमीटर मोकळी जागा दिसली पाहिजे, चौकोनाचे कोपरे फार जवळ येत असतील तर ते तोडून मधे टाका. वर दुसरी चकती ठेवा, पण लगेच कड दाबू नका. आधी तळव्याने मधून बाहेरच्या बाजूला हलकं दाबत या, म्हणजे आतली हवा निघून जाईल. हे बहुतेक जण करत नाहीत. आत अडकलेली हवा तव्यावर फुगते आणि कड फाडते, चीज वितळण्याच्याही आधी.

हवा गेली की अंगठा आणि पहिल्या बोटाने कड दाबत पूर्ण फेरी मारा, करंजीची कड मिटवतो तशी, फक्त मुरड घालायची नाही. नंतर दोन्ही थरांमधली रेघ बोटाच्या टोकाने वरून खाली ओढून पुसून टाका. रेघ दिसत असेल तर कड मिटलेली नाही असं समजा. शेवटी पॅटी उभी धरून ओट्यावर हलक्या हाताने फिरवा, कड गोल आणि गुळगुळीत होते, पातळ राहिलेली जागा बोटांना कळते. कुठे भेग असेल तर पाणी लावून लिंपू नका, पाण्याने जागा निसरडी होते. दुसऱ्या पॅटीचा चिमूटभर खिमा घ्या आणि दाबून बसवा.

तयार पॅट्या ताटलीत एका थरात ठेवून झाकून अर्धा तास फ्रीजमधे. चरबी पुन्हा घट्ट होते, थर एकमेकांना धरतात आणि मधलं चीज गार होतं. गार चीज उशिरा वितळतं, तोवर बाहेरची कड शिजून पक्की झालेली असते.

याच अर्ध्या तासात बाकीची तयारी

कांदा आधी चढवा, तो सगळ्यात जास्त वेळ खातो. तीन मध्यम कांदे पातळ उभे चिरून, एक चमचा तेल आणि चिमूटभर मिठात मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं. गुळाच्या रंगाचा आणि मऊ झाला पाहिजे. खाली लागायला लागला तर चमचाभर पाणी शिंपडा. बिर्याणीचा कुरकुरीत कांदा इथे नको.

काकडीचं झटपट लोणचं: दोन काकड्यांच्या पातळ चकत्या, अर्धा कप व्हिनेगर, अर्धा कप पाणी, एक चमचा मीठ, दोन चमचे साखर. तासाभरात खाण्याजोगं होतं, म्हणून हे मात्र पॅट्या थापायच्या आधीच घालून ठेवा. चीज आणि चरबीच्या मधे काहीतरी आंबट हवंच, त्यामुळे हे गाळू नका.

सॉसला मी बाजारच्या बाटल्यांच्या वाटेला जात नाही. खर्डा असतोच घरात. हिरव्या मिरच्या आणि लसूण तव्यावर थेंबभर तेलात डाग पडेपर्यंत भाजून, मीठ आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे घालून तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडलेला. चार मोठे चमचे मेयोनीजमधे एक मोठा चमचा खर्डा कालवा. मेयोनीज नको असेल तर तेवढाच चक्का घ्या, तो थोडा आंबटसर लागतो आणि मटणाला शोभतो. खर्डा पाट्यावरचा असो की तव्यावरचा, भरडच ठेवा.

बन बेकरीतून त्याच दिवशीचा आणा. लादी पाव फार मऊ, रसाने तळाशी फाटतो. तीळ लावलेला गोल बन मागा आणि बोटाने दाबून बघा, परत वर आला पाहिजे.

तव्यावर

बिडाचा तवा असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर जाड बुडाचा कोणताही पसरट तवा. नॉनस्टिक चालतो, फक्त तो रिकामा असताना मोठ्या आचेवर तापवू नका.

तवा मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला की नाचत उडाला पाहिजे. चमचाभर तेल फिरवा. पॅट्या फ्रीजमधून काढा, दोन्ही बाजूंना उरलेलं मीठ भुरभुरवा आणि लगेच तव्यावर सोडा. एका वेळी दोनच. गर्दी झाली की तवा थंड पडतो, खिमा भाजला न जाता स्वतःच्या पाण्यात उकडतो आणि करडा दिसतो.

आता चार ते पाच मिनिटं हात मागे. उलथन्याने दाबू नका. दाबल्यावर जो चर्रर्र आवाज येतो तो तुमचा रस जळण्याचा आवाज असतो, आणि भरलेल्या पॅटीत दाबलं की चीज कड फोडून येणार हे नक्की. पॅटी सरकवूनही बघू नका. खालून खरपूस तपकिरी झाली की ती तवा आपणहून सोडते. चिकटून बसली असेल तर अजून झालेली नाही.

पसरट उलथनं पूर्ण आत घालून एकदाच उलटा. उलटल्यावर पॅटी मधे फुगायला लागेल, घाबरू नका. आतलं चीज तापून वाफ धरतंय. या वेळी टूथपिकने वरच्या बाजूला, बरोबर मधे, एक छिद्र पाडा, चीजपर्यंत जाईल एवढंच, तळापर्यंत नाही. शिट्टीसारखी बारीक वाफ येते, तिच्यामागून चीजचा एक थेंब वर येतो आणि तिथेच थांबून घट्ट होतो. आपणच ठरवून ठेवलेली ही वाफेची वाट. ती नसेल तर वाफ कडेने वाट काढते.

आच थोडी कमी करा, दोन मिनिटं झाकण, मग झाकण काढून आणखी तीन मिनिटं. एकूण साधारण दहा-अकरा मिनिटं, तव्यावर आणि पॅटीच्या जाडीवर थोडं इकडेतिकडे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर बाजूने कडेच्या खिम्यात खुपसून बघा, चीजमधे नाही. खिम्याचं तापमान 71 अंश सेल्सिअस झालं पाहिजे. थर्मामीटर नसेल तर एका पॅटीच्या कडेला सुरीचं टोक घालून बघा. रस स्वच्छ यायला हवा, लालसर नाही, आणि आतला खिमा सगळीकडे तपकिरी.

तरी एखादी कड उकलली आणि चीज तव्यावर पसरलं तर धावपळ करू नका. पॅटी हलवली की भेग वाढते. आहे तिथेच राहू द्या. सांडलेलं चीज दोन मिनिटांत कुरकुरीत जाळी होतं आणि भेग बऱ्याचदा त्यानेच बुजते. ती जाळी खरवडून पॅटीबरोबर बनमधे घाला. घरात तिच्यासाठीच भांडणं होतात.

पॅटी जाळीवर किंवा ताटलीत चार-पाच मिनिटं निवू द्या. हे काही शिष्टाचारासाठी नाही. बाहेरचा खिमा खाण्याजोगा झाला तरी आतलं चीज तोंड भाजेल इतकं तापलेलं असतं, आणि ते चिकटत असल्यामुळे टाळ्याला लागलं की निघत नाही. लहान मुलांना देताना बर्गर मधून अर्धा कापा, वाफ जाऊ द्या, मग द्या. फार वेळही थांबू नका मात्र. बोकडाची चरबी लवकर थिजते, हे गार पडलेल्या रश्श्यावरची साय पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. कोमट झालेला बर्गर टाळ्याला मेणासारखा लागतो. चार ते आठ मिनिटं एवढाच काय तो खाण्याचा मुहूर्त.

पॅटी निवत असताना त्याच तव्यावरच्या चरबीत चमचाभर लोणी घालून बन आतल्या बाजूने भाजून घ्या. भाजलेला थर रस अडवतो.

रचना साधी: खालचा बन, खर्ड्याचं मेयोनीज, काकडी, पॅटी, वर परतलेला कांदा, वरचा बन. टोमॅटो आणि कोबी घालायला माझा विरोध आहे. टोमॅटोचं पाणी बन भिजवतं, आणि कच्चा कोबी चावताना सगळा बर्गर सरकतो. हवाच असेल तर टोमॅटोच्या चकतीला मीठ लावून पाच मिनिटं निथळवा.

चिकनचा करायचा असेल तर

चिकनचा खिमा मुळातच चिकट असतो, कड पटकन मिटते, त्या बाबतीत नवशिक्याला सोपा. अडचण उलटी असते: तो ओला आणि चरबीशिवायचा. दुकानात छातीचा देतात, तुम्ही मांडीचा मागा. सहाशे ग्रॅमला दोन चमचे मऊ लोणी मिसळा, हाताला तेल लावून थापा आणि फ्रीजमधे अर्ध्याऐवजी तासभर ठेवा. आच मटणापेक्षा थोडी मंद. चिकन 74 अंशांपर्यंत शिजलं पाहिजे, यात सूट नाही.

वाराच्या दिवशी: घेवड्याची पॅटी

सोमवार, गुरुवार, शनिवार आणि अख्खा श्रावण असं धरलं तर आपल्या घरांत निम्मं वर्ष मटणाविना जातं. त्या दिवसांसाठी बटाट्याची पॅटी करणारे करतात, पण तो बनमधला वडा होतो. साताऱ्यात आपल्याकडे त्याहून चांगली वस्तू आहे: कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा, अंगावर वाघासारखे लालसर पट्टे असलेला, भौगोलिक मानांकन मिळालेला. त्याची साल पातळ असते आणि आतला गर पिठूळ, त्यामुळे पॅटी छान धरते.

दोनशे ग्रॅम घेवडा आठ-दहा तास भिजवा, पाणी फेकून ताज्या पाण्यात कुकरला चार-पाच शिट्ट्या आणि मग मंद आचेवर दहा मिनिटं. बोटात धरल्यावर सहज चुरडला पाहिजे. राजम्याच्या कुळातल्या कच्च्या दाण्यात पोट बिघडवणारं द्रव्य असतं, ते नीट उकळल्यावरच जातं, म्हणून बोटचेपा, अर्धकच्चा घेवडा चालणार नाही. पाणी पूर्ण निथळा (आमटीला ठेवा, टाकू नका), दाणे ताटात पसरून पंख्याखाली अर्धा तास कोरडे करा. हीच खरी मेख आहे. ओल्या घेवड्याची पॅटी तव्यावर बसकण मारते.

तीन चतुर्थांश घेवडा कुस्करा, बाकीचा अख्खा राहू द्या. त्यात एक मोठा उकडलेला बटाटा किसून, तीन मोठे चमचे शेंगदाण्याचं कूट, चार मोठे चमचे ब्रेडचा कोरडा चुरा, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, दोन चमचे कांदा-लसूण मसाला आणि मीठ. इथे मसाल्याचा हात सैल सोडा, आणि कांदा घालायचाच असेल तर परतून कोरडा केलेला. चार भाग करा, थापणं आणि कड मिटवणं मटणासारखंच, बाहेरून बारीक रवा लावा.

एक गोष्ट मात्र उलटी. मटणात चीज गार हवं होतं, इथे चीज वीस मिनिटं आधी बाहेर काढून ठेवा. घेवडा आधीच शिजलेला आहे, तव्यावर फक्त वरचा थर खरपूस होतो, प्रत्येक बाजूला चार मिनिटांत. तेवढ्या वेळात फ्रीजमधलं कडक चीज वितळत नाही आणि मधे गार ढेकूळ निघतं. मोझरेलाचं मिश्रण इथे मटणापेक्षा चांगलं लागतं.

जास्तीच्या करून ठेवताना

कच्च्या मटणाच्या पॅट्या फ्रीजरमधे ठेवता येतात. प्रत्येकीच्या मधे प्लॅस्टिकचा तुकडा, बाहेरून हवाबंद डबा. महिन्याभरात संपवा, त्यापुढे चरबीला वास धरतो. वापरायच्या आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा. गोठलेली पॅटी थेट तव्यावर टाकली तर बाहेर करपते आणि आत बर्फ राहतो. ओट्यावर उघडी वितळवायला ठेवणंही नको. वितळल्यावर कडेभोवती पाणी साचतं ते फडक्याने टिपा आणि तव्यावर टाकण्याआधी कडेवरून पुन्हा एकदा बोट फिरवा, गोठताना बारीक भेगा पडलेल्या असतात. घेवड्याच्या पॅट्या कच्च्या गोठवण्यापेक्षा दोन्ही बाजूंनी हलक्या भाजून, गार करून गोठवल्या तर जास्त टिकतात. त्या मंद आचेवर झाकण ठेवून थेट गरम करता येतात, पण आतलं चीज मऊ झालंय की नाही हे टूथपिक घालूनच ठरवा.